नंबर अकराच्या पुढे

माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या सगळ्यांनी पाच-सहा वर्षांत फ्लॅट घेतले. मी चित्रं घेतली, आणि तीही मारझोडीची. लोक पगारातून सोनं आणतात, आमची लेक लाठ्या आणते, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. सांगताना हसायचे, पण चित्राकडे पाठ करून बसायचे. ते पाठ करून का बसतात, हे मला फार उशिरा कळलं.

शतक बदललं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीवर आमची कंपनी उभी राहिली होती. मी तिथे टेस्टर होते. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर त्याचीच बोलणी खायची, असं ते काम. माझ्या स्वभावाला ते अगदी मानवलं. ग्राहकाने कागदावर काय लिहिलंय, त्यात पळवाट कुठे राहिलीय, हे शोधण्याचा मी पगार घेत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती याच बाबतीत खाल्ली.

त्या छापखान्यात मी पहिल्यांदा गेले ती मावसभावाच्या लग्नाच्या पत्रिका करायला. स्वारगेटच्या मागच्या एका बोळात, पायऱ्या उतरून जायचं दुकान. स्क्रीन प्रिंटिंगवर पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापणारा माणूस. भर चातुर्मास चालला होता. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, नवऱ्यामुलाची रजा बघतात, त्यामुळे ऐन श्रावणात पत्रिका छापायला आलेली मी त्या दुकानातली एकुलती एक गिऱ्हाईक होते. वर गणपती नको, बुद्धाची रेखाकृती हवी आणि ‘मंगल परिणय’ असं लिहा, एवढं मी सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “बरं झालं आलात. या चार महिन्यांत आम्हाला माणूस दिसत नाही.”

माणूस दिसत नसे, म्हणून त्या चार महिन्यांत तो स्वतःची चित्रं छापायचा. तो चित्रकलेचं रीतसर शिकलेला होता. वडील गेल्यावर दुकान अंगावर पडलं आणि पत्रिका छापत बसला. लग्नसराई संपली की त्याच लाकडी चौकटी, ज्यांतून शाई गाळून चित्र उमटतं त्याच ताणलेल्या जाळ्या, पत्रिकांचा उरलेला जाड कागद आणि गणपतीसाठी आणलेली तीच कुंकवासारखी लाल शाई घेऊन तो आपल्याला हवं ते छापायचा. दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेलं एक चित्र मी त्या दिवशी पाहिलं. एक लाठी, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, आणि तिच्यावर शाळेच्या फूटपट्टीवर असतात तशा बारीक रेघा आणि आकडे. शून्यापासून तीसपर्यंत. बस, एवढंच. मी पत्रिकेचा मजकूर विसरले आणि त्या चित्रासमोर उभी राहिले.

खाली कोपऱ्यात पेन्सिलीने तीन भागिले पंचवीस असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्याने सांगितला. एकूण पंचवीस प्रती, त्यातली ही तिसरी. पंचवीस झाल्या की जाळी धुऊन टाकायची. जाळी धुतली की चित्र गेलं, पुन्हा निघत नाही. मला ते फार आवडलं. आमच्या ऑफिसात जे काही होतं त्याच्या हजार नकला एका बोटासरशी निघायच्या. इथे एक माणूस रबरी पट्टी दोन्ही हातांनी ओढून एकेक प्रत काढत होता आणि मोजून थांबत होता. मी ती लाठी घेऊन विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढले आणि घरी हॉलमध्ये लावली.

मग तो माझा नेमच झाला. लोक श्रावणात उपास धरतात, मी छापखाना धरला. दर वर्षी तीन-चार चित्रं यायची. एकात नुसती खुर्ची होती आणि तिचे चार पाय म्हणजे चार ओणवी माणसं. एकात सह्या करणारा हात, आणि सहीच्या खाली चिरडलेली झोपडी. त्याचं गिऱ्हाईक कोण होतं? दोन वकील, मुंबईची एक गॅलरी आणि मी. मी चहा प्यायला बसायची ती तीन-तीन तास. ऑफिसात बोलणं काय, तर कोण ऑनसाइट म्हणून परदेशी गेलं आणि कोणाचं कर्ज मंजूर झालं. इथे मात्र मी तावातावाने बोलायची, सत्ता, पोलीस, गाव, शहर, आणि तो जाळी धूत धूत ऐकायचा. एखाद्याच वाक्यात मला गप्प करायचा. “तुमचा राग छान आहे,” तो एकदा म्हणाला, “अगदी एसीत ठेवल्यासारखा.” मला राग यायला हवा होता, पण मी आठवडाभर ते वाक्य मैत्रिणींना सांगत सुटले. मला तो माझा माणूस वाटत होता. असा माणूस मला ऑफिसात नव्हता, नात्यात नव्हता.

बाबांना यातलं काही पटत नव्हतं. ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. वसाहतीत त्यांना सगळे साहेब म्हणत. विहारातल्या कार्यक्रमाला त्यांची खुर्ची ठरलेली. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. बूट नेहमी बिननाडीचे, पाय सरकवायचे तसले. ते एकदा चित्रांकडे न बघता मला म्हणाले होते, “ज्यांनी हे बघितलंय ना, ते भिंतीला लावत नाहीत.” मला वाटलं, कारकुनी पिंड आहे, यांना देखावे आवडत असतील. आपल्या बापाबद्दल इतकं तुच्छतेने वाटून घेताना मला काहीच वाटलं नाही, हे आज लिहिताना वाटतं.

आई आजारी पडली ती उठलीच नाही. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात, बाबा औषधं आणायला खाली गेले असताना, तिने मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. बाबा सतरा वर्षांचे होते. पुण्याच्या पूर्वेकडच्या आमच्या गावात, वस्तीतून पहिले मॅट्रिक झालेले. गिरणीत असलेल्या मामाने त्यांना नवे बूट आणले होते, काळे, नाडीचे. ते घालून बाबा चावडीवरून गेले. चावडीवर बसलेल्यांनी त्यांना बोलावलं, बूट काढायला लावले, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते त्यांच्या गळ्यात अडकवले आणि बाजाराच्या दिवशी सगळ्या गावातून फिरवलं. “मारलं नाही कोणी,” आई म्हणाली, “हसले. बायका-पोरंसुद्धा.” त्याच आठवड्यात बाबांनी गाव सोडलं आणि पुणं गाठलं, परत कधी गेले नाहीत. आणि आईने मला शपथ घातली, हे मी तुला सांगितलं ते त्यांना कळू देऊ नकोस.

ती गेली. मी घरी आले आणि हॉलमधल्या सगळ्या चित्रांची तोंडं भिंतीकडे केली. बाबांनी विचारलं नाही. पण मला ते मनात ठेवताही येईना. रोज सकाळी ते बूट सरकवून फिरायला निघाले की मी हातातलं काम टाकून दाराशी यायची. ते उंबऱ्यात उभे राहून पाय झटकायचे आणि मला वाटायचं, आता मी काहीतरी बोलणार. बोलायचं कोणाशी? जिथे मी सहा वर्षं बोलत होते तिथेच गेले. चातुर्मास होताच.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हातातलं काम थांबवलं, हे त्याने पहिल्यांदाच केलं. चौकट बाजूला ठेवून म्हणाला की याचं चित्र मला करू द्या. मी नाही म्हणाले. मग हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं, इतरांच्या अंगावरच्या वळांची चित्रं जमवून झाल्यावर आपल्या घरचं एक. माझ्या अटी मी एकेक करून सांगितल्या. चेहरा नाही. गावाचं नाव नाही. आणि एकच प्रत, ती मला. तो म्हणाला, एका प्रतीसाठी कोणी जाळी लावत नाही, हात बसेपर्यंतच दहा कागद जातात. मग अकरा ठरल्या, आणि अकराच्या अकरा मी घेणार असं ठरलं. बाहेर एकही जायची नाही. “नंबर अकराच्या पुढे जाणार नाही,” तो म्हणाला. मला ते वाक्य ऐकून इतकं बरं वाटलं की मी ते तपासलंच नाही.

खांदे आणि कॉलर नीट बसावी म्हणून त्याला एक फोटो हवा होता. निवृत्तीच्या समारंभातला बाबांचा फोटो मी नेऊन दिला.

चित्र चांगलं झालं होतं. मला अजूनही ते वाईट आहे असं म्हणता येत नाही. पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि टाय असतो त्या जागी छातीवर लोंबणारे दोन काळे बूट. नाड्या लाल, त्या गणपतीच्या लालने छापलेल्या. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. त्याने माझ्यासमोर अकरा प्रतींवर नंबर घातले, सही केली, आणि माझ्यासमोर जाळी धुतली. पाणी आधी काळं गेलं, मग स्वच्छ. मी अकरा प्रती ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या आणि बाबांपासून एक गोष्ट आपण सांभाळून ठेवली, अशा समाधानात दोन वर्षं काढली.

दोन वर्षांनी कंपनीने फॅमिली डे ठेवला. आईवडिलांना ऑफिस दाखवायचं, जेवण, गाणी, भेटवस्तू. बाबांना मी पूर्वी कधी तिथे नेलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस आधी शर्ट इस्त्रीला टाकला. आमच्या कल्चर कमिटीने मुख्य इमारतीच्या लॉबीत मुंबईच्या एका गॅलरीकडून आणलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि त्याबद्दल तीन मेल पाठवले होते. मी कल्चर कमिटीचे मेल न उघडता उडवत असे. माझं काम मागच्या इमारतीत, त्यामुळे लॉबीशी माझा संबंध येत नव्हता.

गेटवर बाबांचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे छापून, दोरी घालून त्यांच्या गळ्यात दिला. व्हिजिटर बॅज. ते बॅज सरळ करत आत आले, काच, संगमरवर, सरकते जिने बघत. खूश होते. प्रदर्शनाचं नाव ‘सत्तेचे चेहरे’ होतं. तिसरं चित्र बाबांचं होतं.

चेहरा होता. निवृत्तीच्या फोटोतला, चष्म्यासकट, अगदी ठळक काळ्या शाईत. खाली टाइप केलेली पट्टी: एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची सत्यकथा. चावडी, बाजार, नाड्या, सगळं चार ओळींत. मी बाबांचा दंड धरून त्यांना जेवणाकडे वळवायला गेले, पण माझ्याच टीममधली एक मुलगी मध्येच आली, हसत, मनाने निर्मळ. ती एकदा चित्राकडे आणि एकदा बाबांच्या बॅजकडे बघून म्हणाली, “अंकल, सेम टू सेम तुमच्यासारखं दिसतंय ना हे?”

बाबांनी चष्मा पुसला. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कचेरीत फाइल वाचायचे तशी. मग मुलीला म्हणाले, हो, आहे थोडं साम्य. मग मला विचारलं, जेवण कुठे आहे. ते जेवले. गाण्यांना टाळ्या वाजवल्या. भेट मिळालेला थर्मास मांडीवर घेऊन विश्रांतवाडीपर्यंत बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. ऐन लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वधूपक्षाची माणसं नावांच्या क्रमावरून भांडत होती. मी सगळ्यांच्या देखत त्याला विचारलं की तुम्ही मला फसवलंत का. तो शांतपणे पुसत होता ती चौकट पुसत राहिला.

“नंबर अकराच्या पुढे जाणार नाही म्हणालो होतो,” तो म्हणाला. “गेलाय का? त्या प्रतीवर नंबर दाखवा मला.”

नंबर नव्हता, आणि तीच त्याची पळवाट होती. त्याने मग मला पत्रिकावाल्यांची रीत समजावून सांगितली, जणू मी हिशेब चुकलेली गिऱ्हाईक होते. पत्रिका मोजून कोणी छापत नाही. पाचशे सांगितल्या तर वर पंचवीस काढून ठेवायच्याच, कारण मोजून छापल्या की ऐनवेळी मुलीचा मामाच राहतो. या वरच्या प्रती ना बिलात येतात ना मोजणीत. माझ्याही चित्राच्या त्याने वर काही काढल्या होत्या, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यांवर नंतर वेगळ्या जाळीने फोटो उतरवला होता. मी धुताना पाहिली ती जाळी शर्ट-बुटांची, ही चेहऱ्याची दुसरीच. फोटो तर त्याच्याकडे होताच, मीच दिलेला.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदा त्याचाही आवाज चढला.

“अहो, ही गोष्ट तुमच्या साड्यांखाली पुरून ठेवायची होती का? आणि इतकी वर्षं माझ्याकडून लाठ्या नेल्यात, त्या कोणाच्या पाठीवरच्या होत्या ते विचारलंत कधी? त्यांना घरदार नव्हतं?”

मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. त्या खुर्चीखाली ओणवी झालेली चार माणसं कोण, त्यांच्या मुलींना काय वाटलं असतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी त्यांना हॉलमध्ये लावून पाहुण्यांना चहा दिला होता. पण मी विचारलं नाही म्हणून त्याने केलं ते बरोबर ठरत नाही. त्याने माझा विश्वास घेतला आणि त्याची वरची प्रत काढली. मी पायऱ्या चढून वर आले आणि त्या बोळात पुन्हा गेले नाही. सोमवारी मी चित्र उतरवायला लावलं. कमिटीच्या बाईंनी विचारलं की आपल्याला त्यात आक्षेपार्ह काय वाटलं. मी म्हणाले, फ्रेम.

घरी बाबा चार दिवस वर्तमानपत्र वाचत बसले होते. जेवायला हाक मारली की जेवायचे. पाचव्या दिवशी दुपारी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, छापखाना, अटी, फोटो. मला माफ करा म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“तुझ्याकडे किती आहेत?”

“अकरा.”

त्यांनी आणायला सांगितल्या. मी पलंगावर एकेक मांडली. पलंग पुरला नाही, दोन जमिनीवर ठेवल्या. बाबा उभे राहून, हात मागे बांधून बघत होते. नाड्या लाल नव्हत्या, एवढंच म्हणाले. मग एक प्रत उचलून उजेडात धरली, कोऱ्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि ती होती तिथे परत ठेवली. मला वाटलं, आता मला बोलतील, छापखान्याला बोलतील. मी तयार होते.

“हे तुला तिनं सांगितलं?” त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत मी छापखान्याचाच विचार करत होते. आई मध्ये आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हो म्हणण्यावाचून काही उरलं नव्हतं, कारण दुसरं कोणी सांगणारं जगात नव्हतंच.

ते खाली बसले. पलंगावर जागा नव्हती म्हणून जमिनीवर, भिंतीला टेकून. मग विचारलं की तिनं आणखी कोणाला सांगितलं असेल.

“कोणालाच नाही, बाबा,” मी म्हणाले. “फक्त मला. आणि मला शपथ घातली होती तिनं.”

“मी पण तिला घातली होती,” बाबा म्हणाले.